द्राक्षांचा कंटेनर जहाजावर नेमका कुठे बसतो आणि त्याला वीज कोण देते?

बागायतदार_निफाड

नमस्कार. पिंपळगाव बसवंतजवळ आमचे एक छोटे पॅकहाऊस आहे. आमच्या आणि भाऊबंदांच्या बागांतील द्राक्षे दर हंगामात एका निर्यातदारामार्फत युरोपला जातात. यंदा मार्चमध्ये रॉटरडॅमला गेलेल्या एका कंटेनरबद्दल तिकडून तक्रार आली. वीस पॅलेटपैकी दाराजवळच्या दोन पॅलेटमधील घडांचे देठ तपकिरी पडले होते, काही पनेटमध्ये (द्राक्षांच्या छोट्या प्लास्टिक डब्यांत) मणी ओलसर निघाले, आणि त्यापोटी बिलातून बऱ्यापैकी रक्कम वजा झाली. कंटेनरमध्ये आम्हीच ठेवलेल्या लॉगरचा (तापमान नोंदवणाऱ्या छोट्या यंत्राचा) आलेख त्यांनी तक्रारीसोबत पाठवला आहे. त्यात चौथ्या दिवशी एक ठळक उंचवटा दिसतो. तापमान जवळपास दोन अंशांनी चढते, चारेक तास तसेच राहते आणि मग खाली येते. निर्यातदाराच्या म्हणण्यानुसार तो दिवस कंटेनर न्हावाशेवा बंदरातून जहाजावर चढण्याचा होता.

आम्ही द्राक्षे पिकवतो, प्री-कूलिंग करतो म्हणजे भरण्याआधी ती थंड करतो, दार लावून सील ठोकतो, आणि ट्रेलर कसारा घाट उतरला की पुढचे सारे आमच्यासाठी अंधारात असते. मी जहाज पाहिले आहे ते गेटवे ऑफ इंडियावरून, तेही लांबून. म्हणून जाणकारांना विचारतो. बंदरात आणि जहाजावर या कंटेनरला वीज कोण देते, ती किती वेळ बंद असते आणि जहाजावर त्याची जागा कोण ठरवते? दुसरे असे की, ज्यांचे सगळे पोटच शीतगृह असते अशी जहाजे असल्याचे ऐकले आहे. तशा जहाजातून द्राक्षे पाठवली तर प्लग काढण्या-लावण्याची भानगडच उरणार नाही, मग आपल्याकडे ती का येत नाहीत? माझे मेहुणे सातपूरला नोकरीला आहेत. ते सांगतात की त्यांच्या कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर वेगळ्याच जहाजाने गेला आणि मोटारी तर आणखी वेगळ्या जहाजाने जातात. समुद्र एकच, मग जहाजांचे इतके प्रकार कशासाठी, हेही कोणी समजावून सांगितले तर बरे होईल.

जुना_इंजिनवाला (नाशिकरोड)

दादा, मी तीस वर्षे जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यांतली शेवटची बारा कंटेनर जहाजांवर. रिफर कंटेनर, म्हणजे शीतयंत्र बसवलेले कंटेनर, सांभाळणे हे आमच्याच खात्याचे काम असे, त्यामुळे आपल्या प्रश्नाचा मोठा भाग माझ्या वाट्याचा आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीची उत्तरे त्यातूनच निघतात. जहाजाचा आकार कसा असावा हे जितके समुद्र ठरवतो, तितकेच किंवा त्याहून अधिक ते धक्का ठरवतो. जहाज कमावते ते चालताना; धक्क्याला बांधून उभे राहिले की ते नुसते खात असते. पूर्वी गोणी, पिंपे आणि लाकडी खोकी जाळ्यांत भरून क्रेनने उचलत आणि होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातील मालाच्या कोठारात, उतरलेली माणसे ती हातांनी रचत. जहाजाचा निम्म्याच्या आसपास काळ बंदरातच जाई. २६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅकलीन या अमेरिकी ट्रकमालकाचे ‘आयडियल एक्स’ हे जुने तेलवाहू जहाज डेकवर ५८ पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेले, आणि मालाऐवजी मालाची पेटी उचलण्याची रीत तिथून रुळत गेली. तेव्हापासून ज्या मालाला पेटी मानवते तो कंटेनर जहाजाकडे गेला. ज्याला मानवत नाही, म्हणजे तेल, धान्य, कोळसा, मोटारी, अवजड यंत्रे, त्या प्रत्येकाने आपापल्या चढ-उताराच्या सोयीनुसार आपले जहाज घडवून घेतले.

आता आपली पेटी. धक्क्यावरची क्रेन तिला वरून धरते. क्रेनच्या दोरांना स्प्रेडर नावाची पोलादी चौकट टांगलेली असते. तिच्या चार कोपऱ्यांतील खुंट्या कंटेनरच्या चार कोपऱ्यांवरील भोकांत शिरून पाव वळसा फिरल्या की पेटी पकडली जाते. चालक खूप उंचावर काचेच्या तळाच्या केबिनमध्ये वाकून बसलेला असतो, आणि सारे सुरळीत असेल तर तासाला पंचवीस-तीस पेट्या हलवतो. होल्डमध्ये उभ्या पोलादी पट्ट्यांचे खाचे असतात. पेटी त्यांतून विहिरीत घागर सोडावी तशी सरळ खाली उतरते आणि तिथे तिला बांधावे लागत नाही. होल्ड भरला की त्यावर लोखंडी झाकणे बसवतात आणि झाकणांवर पुन्हा पेट्यांचे थर चढतात. या वरच्या पेट्यांना मात्र एकमेकींत अडकवणारी कुलपे लागतात, आणि खालच्या थरांना तिरक्या सळ्या लावून ताणून बांधावे लागते. आधीच्या बंदरावर उतरायची पेटी नंतरच्या बंदराच्या पेटीखाली गेली, तर मधल्या बंदरात वरचा थर उगाच उतरवून पुन्हा चढवावा लागतो, म्हणून कोणती पेटी कुठे ठेवायची याचा आराखडा जहाज धक्क्याला लागण्याआधीच तयार असतो.

प्रत्येक जागेला एक सहा आकडी पत्ता असतो. समजा, आपल्या पेटीचा पत्ता ३००२८२ आहे. पहिले दोन आकडे जहाजाच्या नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागे मोजत येणाऱ्या आडव्या पट्ट्याचे. वीस फुटी पेट्यांच्या पट्ट्यांना विषम क्रमांक असतात. चाळीस फुटी पेटी २९ आणि ३१ या दोन्ही पट्ट्या व्यापते, म्हणून तिचा पट्टा मधला, सम क्रमांकाचा ३०. पुढचे ०२ म्हणजे मध्यरेषेपासून डावीकडची पहिली ओळ; डावीकडे सम आणि उजवीकडे विषम क्रमांक चालतात. शेवटचे ८२ म्हणजे डेकवरचा सर्वांत खालचा थर. जहाजावर चढल्यावर दोन-तीन दिवसांत हे आकडे आम्हाला घराच्या पत्त्यासारखे पाठ होत.

रिफर पेट्यांसाठी वीजजोडणी असलेल्या जागा ठरलेल्या असतात. मोठ्या जहाजांवर अशा जोडण्या हजाराहून अधिक असतात. वीज जहाजाच्या स्वतःच्या जनित्रांची असते, तीन फेजची, ४४० व्होल्टच्या आसपास. डेकवर या पेट्या बहुधा खालच्या थरांत आणि यंत्राची बाजू जहाजाच्या मागच्या दिशेला करून ठेवतात, म्हणजे त्यांवर लाटांचे तुषार कमी उडतात आणि तिथवर माणूस पोचू शकतो. आमचा इलेक्ट्रिशियन दिवसातून दोनदा फेरी मारून प्रत्येक पेटीचे तापमान वहीत टिपून घेत असे. एखादा कॉम्प्रेसर बंद पडला तर रात्री दोन वाजता हलत्या डेकवर विजेरी तोंडात धरून तो दुरुस्त करावा लागे. आपल्या द्राक्षांची राखण कोणी करत नाही, असा समज कृपया ठेवू नका.

आता पूर्ण शीतजहाजांकडे वळतो. ती खरीच आहेत आणि कंटेनरच्या कितीतरी आधीची आहेत. १५ फेब्रुवारी १८८२ रोजी ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडच्या पोर्ट चाल्मर्सहून गोठवलेले मांस घेऊन लंडनला निघाले आणि ९८ दिवसांनी पोचले. शिडाच्या जहाजावर कोळशाच्या वाफेचे शीतयंत्र होते, त्याच्या ठिणग्या शिडांवर उडत. वाटेत विषुववृत्ताच्या उष्म्यात होल्डमध्ये गार हवा नीट फिरेना, तेव्हा कॅप्टन व्हिटसन स्वतः हवेच्या नळात रांगत शिरले आणि त्यांनी जादा भोके पाडली. थंडीने ते गारठून बेशुद्ध व्हायला आले होते, त्यांना पायाला दोर बांधून ओढून काढावे लागले. हवा फिरली नाही तर यंत्र कितीही चांगले असून उपयोग नाही, हे शीतवाहतुकीतले पहिले दुखणे तेव्हाही होते आणि आजही आहे. आपल्या आलेखाबद्दल मला शंका येते ती त्याच कारणाने, पण त्यासाठी पूर्ण आलेख पाहावा लागेल.

शीतजहाजाचा होल्ड मजल्यामजल्यांचा असतो, भिंतींना उष्णतारोधक थर असतो, उन्हाची झळ कमी लागावी म्हणून बाहेरून बहुधा पांढरा रंग दिलेला असतो, आणि क्रेन जहाजाच्या स्वतःच्या असतात. केळ्यांच्या व्यापारात ती अजून चालतात. चिलीची द्राक्षे अमेरिकेत डेलावेअर नदीकाठच्या फिलाडेल्फियासारख्या बंदरांत आजही अशा जहाजांनी येतात. मात्र तिथे क्रेन पॅलेटचा झुबका पिंजऱ्यात घालून उघड्या हवेतून उचलते, आणि पाऊस आला की काम थांबते. शिवाय असे जहाज भरायला एका वेळी चार-पाच हजार पॅलेट लागतात. आपल्या वीस पॅलेटच्या हिशेबाने हे झाले दोनशे ते अडीचशे कंटेनर, तेही एकाच दिवशी, एकाच बंदरासाठी आणि धक्क्याला लागूनच तेवढे मोठे शीतगृह असेल तरच. नाशिकची द्राक्षे आज रॉटरडॅमला दोन, उद्या इंग्लंडला तीन, परवा आखाताला एक अशी सुटतात. त्यांना पेटीच परवडते. शिवाय पॅकहाऊसमध्ये लावलेले दार थेट खरेदीदाराकडेच उघडते, ही सोय शीतजहाज देऊ शकत नाही.

कागदपत्रे_पंचवटी

काकांनी जहाजावरचे सांगितले, मी दारापासून धक्क्यापर्यंतचे सांगते. माझे घर पंचवटीत असले तरी नोकरी न्हावाशेवाच्या एका क्लिअरिंग एजंटाकडे आहे, आणि जानेवारी ते एप्रिल आमच्या टेबलावर द्राक्षांशिवाय दुसरे काही नसते.

पिंपळगावहून निघालेल्या पेटीला वाटेत वीज मिळते ती ट्रेलरला जोडलेल्या डिझेल जनित्रातून. बंदराच्या गेटवर सील, कागद आणि वजन जुळले की पेटी आत जाते आणि रिफर पेट्यांसाठी बांधलेल्या लोखंडी रॅकमध्ये ठेवून तिचा प्लग लावला जातो. गेट आणि रॅक यांच्यामध्ये एकदा, आणि रॅक ते जहाज यांच्यामध्ये एकदा, अशा दोन वेळा पेटी विजेविना असते. दुसऱ्या वेळी आधी प्लग काढतात, मग पेटी ट्रेलरवर चढते, क्रेनखाली रांगेत उभी राहते, वर जाते, आणि जहाजावरच्या माणसाने केबल लावल्यावरच यंत्र पुन्हा सुरू होते. एरवी हे एक-दोन तासांत उरकते. क्रेन अडली किंवा जहाजाच्या कामाचा क्रम बदलला तर चार तासही लागू शकतात. त्यामुळे आपल्या उंचवट्याचे कारण तेच असावे असे मलाही वाटते.

वजनाबद्दल एक सांगते, कारण पॅकहाऊसवाले नेहमी विचारतात की इतकी कटकट कशाला. २००७ मध्ये इंग्लिश खाडीत ‘एमएससी नापोली’ हे कंटेनर जहाज वादळात तडकले आणि किनाऱ्याला लावावे लागले. नंतर त्याच्या डेकवरच्या ६६० पेट्या तोलल्या तेव्हा त्यांपैकी १३७ पेट्यांचे वजन कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक फरकाचे निघाले. हलकी समजून वर ठेवलेली पेटी प्रत्यक्षात जड असेल तर सारा थर तिच्या भाराने कलंडू पाहतो. १ जुलै २०१६ पासून जगभर नियमच झाला की पडताळलेले वजन दिल्याशिवाय पेटी जहाजावर चढणार नाही. आपण वजनाच्या पावतीवर सही करता ती यासाठी.

आणि एक कामाची गोष्ट. लॉगर तुमचा, पण रिफरच्या यंत्राच्या आतही स्वतःची नोंद होत असते. निर्यातदाराला सांगून जहाज कंपनीकडून ती नोंद आणि टर्मिनलकडून प्लग लावल्या-काढल्याच्या वेळा मागवा. खरेदीदाराशी बोलताना एकट्या लॉगरच्या आलेखावर विसंबू नका.

सातपूर_डिस्पॅच

निफाडकरांच्या मेहुण्यांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. मी त्यांच्या कारखान्यातला नाही, पण आमचाही धंदा ट्रान्सफॉर्मरचाच आहे आणि माल बाहेर पाठवणे हे माझे काम आहे.

आमची छोटी युनिटे सरळ कंटेनरमध्ये जातात. उंची किंवा रुंदी जरा जास्त झाली की फ्लॅट रॅक, म्हणजे बाजूच्या भिंती आणि छत नसलेला, नुसती फरशी आणि दोन टोकांच्या भिंती असलेला कंटेनर घेतो. त्यातून माल बाहेर डोकावतो आणि शेजारच्या जागा वाया जातात, म्हणून त्या जागांचेही भाडे आमच्याच बोकांडी बसते. दोन वर्षांपूर्वी ६० टनांचे एक युनिट होते, ते यातल्या कशातच मावेना. तेल काढून आत कोरडी हवा भरली, अंगावर धक्का नोंदवणारे यंत्र बसवले, हायड्रॉलिक ट्रेलरवर चढवले आणि रात्रीच्या वेळी घाटातून उतरवले. मुंबई बंदरात जे जहाज आले त्याच्या डेकवर एकाच बाजूला दोन मोठ्या क्रेन होत्या.

त्या दिवशी मी धक्क्यावर होतो आणि पाहिलेले अजून डोळ्यांसमोर आहे. क्रेनने भार घेतला त्या क्षणी जहाज आमच्या बाजूला झुकू लागले. क्रेनने उचललेल्या मालाचे वजन जहाजाला क्रेनच्या टोकावर टांगल्यासारखे जाणवते, म्हणजे माल जमिनीपासून वीतभर उचलला तरी जहाजाच्या लेखी तो चाळीस मीटर उंच गेलेला असतो. त्यामुळे एकीकडे दोर इंच-इंच ताणत होते आणि त्याच वेळी जहाजाचे पंप पलीकडच्या बाजूच्या टाक्यांत पाणी भरून तोल सावरत होते. साठ टन उचलायला दहा मिनिटेही लागली नसतील, पण तयारीला साडेतीन तास लागले. आमचे साहेब घड्याळ पाहत होते. जहाजाचा मुख्य अधिकारी मात्र फक्त कलमापक पाहत होता, आणि मला तोच अधिक शहाणा वाटला.

याहून मोठा माल, म्हणजे तेलविहिरींचे मनोरे किंवा दुसरी जहाजे, उचलतच नाहीत. अर्धे बुडणारी जहाजे असतात. ती टाक्यांत पाणी घेऊन आपला डेक पाण्याखाली नेतात, माल तरंगत त्यावर आणतात आणि पाणी उपसून पुन्हा वर येतात. २००० साली येमेनमधील एडनला स्फोटात भगदाड पडलेली ‘कोल’ ही अमेरिकी युद्धनौका ‘ब्लू मार्लिन’ नावाच्या जहाजाने अशीच पाठीवर घेऊन मायदेशी नेली.

मोटारींचे गणित निराळे. त्यांना चाके आहेत, मग क्रेन कशाला? रो-रो जहाजाच्या मागच्या अंगाला मोठा उतार असतो, तो धक्क्यावर टेकतो आणि चालकांची टोळी गाड्या चालवत आत नेते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रोत आपण गाडी चढवतो, तत्त्व तेच. फक्त मोठ्या जहाजात दहा-बारा मजले असतात, काही मजल्यांची उंची गाडीनुसार वरखाली करता येते, आणि सहा-सात हजार गाड्या मावतात. दोन गाड्यांमध्ये वीतभरही अंतर नसते. चालक अंग चोरून बाहेर पडतो, पट्टे ओढून गाडी जमिनीला बांधतात आणि सगळ्या चालकांना एका व्हॅनमध्ये कोंबून पुढच्या खेपेसाठी परत आणतात. चाके नसलेला जड माल याच जहाजाने पाठवायचा असेल तर तो एका बुटक्या ट्रेलरवर ठेवून आत ओढतात. त्या ट्रेलरला माफी म्हणतात. ते एका जर्मन कंपनीचे नाव आहे, पण सुरुवातीला फोनवर ‘तुमचा माल माफीवर घेऊ’ असे ऐकले तेव्हा मी चक्रावलो होतो.

या सोयीची किंमतही आहे. गाड्या सलग फिरता याव्यात म्हणून या मजल्यांवर आडव्या भिंती नसतात, त्यामुळे आत शिरलेले पाणी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर मोकळे धावते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगा बंदराबाहेर ‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही फेरी पुढचे दार उघडे राहिल्याने काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ‘गोल्डन रे’ हे मोटारवाहू जहाज चार हजारांहून अधिक गाड्यांसह बंदरातून निघतानाच आडवे झाले. तिथे तोलाचा हिशेबच चुकला होता.

लासलगाव_कांदा

चर्चा उत्तम चालली आहे, म्हणून आडमुठा वाटेल असा प्रश्न विचारतो. आम्ही कांदा गोण्यांत भरतो, गोण्या कंटेनरमध्ये रचतो, कोलंबो किंवा दुबईला पुन्हा उपसतो. भरताना आणि उतरवताना हमालीच हमाली. गहू जर जहाजाच्या पोटात मोकळा ओततात, तर कांदा का ओतता येऊ नये? बाजार समितीत आम्ही ट्रॅक्टरची ट्रॉली मोकळीच आणतो की.

जुना_इंजिनवाला (नाशिकरोड)

भाऊ, प्रश्न आडमुठा अजिबात नाही. मोकळ्या मालाच्या जहाजात झाकण उघडायचे, वर पट्ट्याची नळी आणायची आणि होल्डमध्ये धार सोडायची. याहून स्वस्त भरण जगात नाही. उतरवताना गहू नळीने शोषून घेतात किंवा क्रेनचा जबडा घास घेत-घेत बाहेर काढतो. पण होल्डची खोली पंधरा-वीस मीटर असते. आपल्या ट्रॉलीत कांद्याचा थर फार तर छातीपर्यंत. तिथे पाच मजली इमारतीएवढा ढीग होईल. तळचा कांदा वरच्या भारानेच चिरडेल आणि उरलेला जबड्याच्या दातांत सापडेल. शिवाय कांदा श्वास घेतो, त्याची ऊब आणि ओल बाहेर पडायला वाट हवी. चाळीत आपण खालून हवा खेळती ठेवतो ते यासाठीच. म्हणून कंटेनरमध्येही जाळीदार गोण्या आणि हवेची झडप उघडी, हीच रीत योग्य.

मोकळा माल दिसतो तितका गरीबही नसतो. २००९ च्या पावसाळ्यात आपल्याच देशातून लोहखनिजाची भुकटी घेऊन निघालेली दोन जहाजे बुडाली, जुलैत मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरात पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’. भुकटी उघड्यावर पावसात भिजलेली असली की जहाजाच्या हेलकाव्यांनी तिचा चिखल होतो. ओल्या वाळूवर पाय आपटत राहिल्यास पाणी वर येते, तसेच. मग हजारो टनांचा तो गाळ एका कुशीला सरकतो आणि जहाज परत उठत नाही. वाटेत असा विश्वासघात करणारा माल मला कधीच आवडला नाही. त्यापेक्षा तेल बरे, ते द्रवच असल्याचे आधीपासून मान्य करून जहाज बांधलेले असते. मुंबईच्या जवाहर द्वीपाच्या धक्क्यावर टँकरला बाहूसारखे नळ जोडतात, जहाजाचे पंप कच्चे तेल माहुलच्या शुद्धीकरण कारखान्यांकडे ढकलतात, आणि तयार इंधन वाहिनीने मनमाडजवळ पानेवाडीपर्यंत येते. तेवढ्या प्रवासात त्याला माणसाचा हात लागत नाही.

निफाडकर दादा, आपला पूर्ण आलेख पाहायला मिळेल का? उंचवट्याच्या आधी काय आहे आणि लॉगर कुठे ठेवला होता, ही माहिती हवी.

बागायतदार_निफाड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, आलेखाचे चित्र इथे चढत नाही, म्हणून आकडे लिहून देतो. लॉगर दारालगतच्या शेवटच्या पॅलेटवर, वरून दुसऱ्या खोक्यात द्राक्षांमध्येच खोचला होता. दार लावले तेव्हा साडेपाच अंश होते. तिथून रेघ फार हळू उतरते. तिसऱ्या दिवशी रात्री एक अंशाच्या खाली येते. चौथ्या दिवशी तो उंचवटा. त्यानंतर रॉटरडॅमपर्यंत शून्य ते अर्धा अंश, मधूनमधून करवतीच्या दातांसारखी बारीक टोके. जहाज आफ्रिकेला वळसा घालून गेल्याने प्रवास लांबलाच होता.

जुना_इंजिनवाला (नाशिकरोड)

दादा, आकडे दिलेत ते फार बरे झाले. बारीक दातांची काळजी करू नका. यंत्राच्या नळ्यांवर बर्फ साठतो, तो वितळवण्यासाठी यंत्र ठरावीक वेळाने थोडा वेळ थांबते आणि हवा किंचित तापते. चौथ्या दिवसाचा उंचवटा ताईंनी सांगितला तोच, प्लग काढल्याचा. पूर्ण थंड झालेल्या तेरा-चौदा टन फळांच्या अंगात इतका गारवा असतो की चार तास वीज नसली तरी आतल्या घडांचे तापमान अंशाच्या अंशानेच हलते. तापते ती हवा, आणि दाराजवळची वरची कड. देठ तपकिरी पडण्याइतके त्यात काही नाही.

मला खटकतात ते साडेपाच अंश. रिफर कंटेनर थंड माल थंड ठेवण्यासाठी बांधलेला असतो, गरम माल थंड करण्यासाठी नव्हे. त्याच्या फरशीवरील खाचांतून गार हवा खालून सुटते, पॅलेटांच्या मधून वर चढते आणि छताखालून परत येते. यंत्र एका टोकाला आणि दार दुसऱ्या टोकाला, त्यामुळे दाराजवळच्या पॅलेटपर्यंत हवेचा जोर सर्वांत कमी पोचतो. तिथेच नेमका गरम पॅलेट ठेवला गेला तर त्याला शून्यावर यायला तीन दिवस लागतात, आणि त्या तीन दिवसांत देठ वाळतो, मण्यांवर दहिवर धरते, ओलाव्याने बुरशी रोखण्यासाठी ठेवलेल्या गंधकाच्या कागदातील वायूही गरजेपेक्षा लवकर सुटून संपतो. पुढे केप ऑफ गुड होपचा वळसा. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात हल्ले सुरू झाल्यापासून अनेक जहाजे त्या वाटेने जाऊ लागली आणि युरोप सुमारे दहा-बारा दिवसांनी लांब गेला. बाकीच्या अठरा पॅलेटनी तोच वळसा झेलला आणि त्यांची तक्रार नाही, हेही लक्षात घ्या.

शेवटचे दोन पॅलेट प्री-कूलिंगमध्ये किती वाजता गेले होते, ते आपल्या वहीत पाहाल का?

बागायतदार_निफाड

वही पाहिली. त्या दिवशी प्री-कूलिंगच्या दोन्ही खोल्या भरल्या होत्या. शेवटचे दोन पॅलेट दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी आत गेले आणि ट्रेलरवाला घाई करत होता म्हणून सात वाजता दार लावले. एरवी आम्ही सहा ते आठ तास ठेवतो. गराचे तापमान तपासल्याच्या रकान्यात त्या दोन पॅलेटपुढे नुसती रेघ आहे, आणि ती रेघ माझ्याच हातची आहे.

पुढच्या हंगामात दोन लॉगर ठेवणार आहे, एक यंत्राच्या बाजूला आणि एक दाराला. पंचवटीच्या ताईंना विनंती, प्लग काढल्या-लावल्याच्या वेळा मागवण्यासाठी निर्यातदाराला कोणत्या शब्दांत पत्र द्यावे, त्याचा मसुदा इथेच टाकलात तर आमच्या भागातील इतर पॅकहाऊसवाल्यांनाही वापरता येईल.